पंपघरातली पुडी

१

सोमवारी श्यामलाबाईंचा चिकू मेला आणि गुरुवारी पद्मजाबाईंचा बटू ओकायला लागला. दोन्ही कुत्री धायरीतल्या एकाच सोसायटीतली, एकाच जिन्यावरची. त्यामुळे शुक्रवारी सकाळी पाच किलोच्या बटूला टॉवेलात गुंडाळून पद्मजा मेहेंदळे डॉक्टर आनंदी खाजगीवाल्यांच्या दवाखान्यात शिरल्या, तेव्हा आजाराचं नाव त्या घरूनच ठरवून आल्या होत्या.

"विषबाधा," त्या म्हणाल्या. "तसा दाखला हवाय. त्याशिवाय पोलीस तक्रार घ्यायला तयार नाहीत."

"आधी कुत्रं बघू. मग कागद."

पद्मजाबाईंनी सगळी नोकरी सदाशिव पेठेत गणित शिकवण्यात घालवली होती. कोणी मध्येच थांबवलं की त्यांच्या भुवया वर जात. आत्ताही गेल्या. पण बटूला टेबलावर ठेवल्यावरही त्यांनी टॉवेलाचं टोक सोडलं नाही, ते डॉक्टरांनी पाहिलं.

बटू पाठीची कमान करून उभा राहिला. पोटाला हात लावताच कण्हला. हिरड्या कोरड्या पडल्या होत्या. पाणी प्यायला की थोड्या वेळात तेच पाणी बाहेर येत होतं. डॉक्टरांनी त्याच्या पुढच्या पायातून तपासणीसाठी रक्त घेतलं आणि सुईच्या जागी कापूस दाबून धरला.

"विष कोणी घातलं म्हणता?"

"वॉचमनने. बजरंग त्याचं नाव. मागे चिकू त्याच्या पोटरीला चावला होता, तेव्हापासून राग धरून होता. काल पंपघरात ठेवलेल्या त्याच्या जादा सामानामागे उंदराच्या औषधाची पुडी सापडली, हा बघा फोटो. रविवारी वॉचमनची खोली रिकामी कर म्हणून कमिटीने सांगितलंय. बायकोला घेऊन जाईल कुठे जायचं तिकडे."

"घालताना कोणी पाहिलं?"

"अहो, विष काय कोणी सगळ्यांना बोलावून घालतं?"

डॉक्टरांनी कापूस उचलला. जागा कोरडी होती. त्यांनी कापूस पुन्हा एकदा निरखला आणि डब्यात टाकला.

"दाखला मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "त्या पुडीतलं औषध याच्या पोटात गेलेलं नाही."

"मग याला झालंय काय?"

"ते अजून मला कळलेलं नाही. पण लवकर कळलं नाही, तर हा वाचणार नाही."

२

उंदराच्या त्या औषधाने रक्त गोठेनासं होतं. पोटात गेल्यावर दोन-तीन दिवसांनी कुत्रं आजारी दिसायला लागतं, तेव्हा सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं, हिरड्यांतून येतं, कातडीखाली काळेनिळे डाग पडतात. बटूचं रक्त नेहमीसारखं थांबलं होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा पद्मजाबाईंनी बटूच्या पायावरची ती जागा स्वतः पाहून घेतली. विरुद्ध उत्तर आलं तरी रीत बरोबर आहे का, हे तपासायची त्यांना सवय होती.

एक्स-रेत आतड्यात कोंडलेला वायू दिसला, बाकी काही नाही.

"म्हणजे आत काही अडकलेलं नाही?"

"हाड, दगड, नाणं असतं तर दिसलं असतं. मऊ रबर, चिंधी, दोरा दिसेलच असं नाही. हा काय चावतो?"

"काही नाही. माझा बटू चपलेलासुद्धा तोंड लावत नाही."

"खेळणी?"

"आहेत की, टोपलीभर. चांगल्यातली."

सोनोग्राफीत अडथळा दिसला. दुपारी डॉक्टरांनी बटूचं पोट उघडलं. लहान आतड्यात अंगठ्याएवढा एक हिरवा तुकडा घट्ट बसला होता. मऊ, रबरासारखा, एका बाजूने दातांनी कुरतडलेला, त्यात सुती दोऱ्यांचा गुंता. आतडं तिथे लालभडक झालं होतं, पण अजून फाटलं नव्हतं.

बटू शुद्धीवर यायला लागल्यावर डॉक्टरांनी तो तुकडा धुऊन पद्मजाबाईंसमोर ठेवला.

"हे त्याचं हाड," पद्मजाबाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे खेळण्यातलं. मध्ये दोरी असते ओवलेली. त्याला फार आवडतं."

"उरलेलं मला आणून द्या. किती तुटलंय ते पाहायला हवं. अजून एखादा तुकडा आत पुढे गेला असेल."

पद्मजाबाई रिक्षाने घरी गेल्या. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"डॉक्टर, टोपली रिकामी आहे. हाड नाही, चेंडू नाही, एकही खेळणं नाही."

"कोणी आवरलं असेल."

"मैना येते माझ्याकडे कामाला. तिला उद्या विचारते."

डॉक्टरांनी हिरवा तुकडा उलटा करून पाहिला. "एक करा. खाली श्यामलाबाईंकडे जा आणि चिकूची खेळणी कुठे आहेत ते विचारा."

फोन चालूच राहिला. जिना उतरल्याचा आवाज, दाराची बेल, पुटपुटणं. मग पद्मजाबाई पुन्हा बोलल्या.

"त्यांच्याकडचीही गेलीत."

३

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून आनंदीताई स्वतः धायरीला गेल्या. कुत्र्याचं पोट शिवून झालं होतं, त्यांचं काम तिथे संपत होतं. पण एका माणसाला ज्या कारणासाठी घराबाहेर काढत होते, ते कारण खोटं आहे हे त्यांना माहीत होतं आणि बाकी कोणालाच नव्हतं. शिवाय दुसरी एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. खेळणं धोक्याचं आहे हे काल दुपारपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग ते त्यांच्याआधी गोळा कोणी केलं?

सोसायटीचे चेअरमन हिंदुराव पोकळे ऑफिसात पंख्याखाली बसले होते. ही इमारत त्यांच्याच ज्वारीच्या रानात उभी होती आणि हे ते कोणाला विसरू देत नसत.

"मला कुत्री आवडत न्हाईत, डॉक्टरीणबाई," त्यांनी आपणहून सांगितलं. "मीटिंगीत उभं राहून बोललोय. लिफ्टमध्ये घाण करत्यात. पण तोंडावर बोलणारा माणूस मागनं विष घालत न्हाई."

"तुमच्यावर कोणी आळ घेतलेला नाही."

"घ्यायच्या आधी सांगितलेलं बरं."

"सोसायटीत उंदरांना औषध कोण घालतं?"

"मीच. वड्या असत्यात, लाल. माझ्या गोडाऊनला कुलपात ठेवतो. बजरंगच्या हातात कधी दिल्या न्हाईत. ही पुडी आमची न्हाई, हे मी कमिटीला बोललो. कोण ऐकतंय? मास्तरीणबाईंनी निकाल लावलावता."

"पंपघराला कुलूप असतं?"

"किल्ली गेटच्या केबिनमध्ये खिळ्याला. कुणी पण घ्यावी."

"आणि पुडी कुठे आहे?"

हिंदुरावांनी खालचा खण ओढला. आत पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी. "पोलिसांना द्यायला ठेवलीय. कुणी हात लावला न्हाई बघा."

आनंदीताईंनी पर्समधून हातमोजे काढून घातले आणि एकेक पिशवी सोडवली. आत चपटी, चकचकीत पुडी होती. त्यांनी ती उजेडात धरली. वरची कड पाहिली, खालची पाहिली, बोटाने चारही बाजू चाचपल्या.

"हिंदुराव, ही पुडी कोणी नीट पाहिली होती का?"

"आवं, विष हाय ते! लांबनंच फोटो काढला."

"फोटोत कळत नाही खरं," आनंदीताई म्हणाल्या आणि पुडी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. "पण ही फोडलेलीच नाही."

४

हिंदुरावांनी चष्मा लावून पुडी पाहिली. मग चष्मा काढून पाहिली.

"म्हंजे बंद पुडीनं दोन कुत्र्यांना विष घातलं आम्ही," ते म्हणाले आणि पुडी पुन्हा पिशव्यांत गुंडाळायला लागले.

बजरंग गेटवर होता. चाळिशीचा, वाळलेला, गणवेशाचा शर्ट अंगाला मोठा. कुत्रं चावलं होतं हे त्याने मान्य केलं आणि पोटरीवरचा व्रण दाखवला.

"राग आला होता?"

"आला की. दवाखान्यात मीच गेलो, इंजेक्शनं मीच घेतली. पण ते एवढंसं जनावर. त्याच्यावर कसला राग धरायचा? धरला असता तर बाईंवर धरला असता. त्या म्हणल्या, तूच शेपटीवर पाय दिला असशील." त्याने पँटची कड खाली केली. "परवा समद्यांनी मिळून माझं पंपघरातलं, खोलीतलं समदं सामान बाहेर काढलं. बायकोची लुगडीसुद्धा झटकून बघितली. तिला त्याचं लागलंय."

आनंदीताईंनी पर्सची चेन लावली. त्या जिना चढून श्यामलाबाईंकडे गेल्या.

श्यामलाबाई एकट्या राहत. मुलगी परदेशी, नवरा गेलेला. चिकूची गादी अजून बाल्कनीत होती. चिकू दोन-तीन दिवस ओकत होता, खात नव्हता, पोट फुगलं होतं. त्यांना वाटलं अपचन आहे. दहीभात दिला, हिंग लावला. सोमवारी सकाळी तो उठलाच नाही.

"खेळणी कुठे गेली म्हणालात?"

"श्रीनिवासने नेली. वरच्या मजल्यावरचा मुलगा. कुत्र्यांच्या वस्तूंचाच धंदा करतो. चिकू गेला त्या संध्याकाळी आला होता. माझ्यापाशी बसला, रडला हो अगदी. म्हणाला, या वस्तू समोर दिसल्या की तुम्हाला त्रास होईल, मी घेऊन जातो." त्यांनी डोळे पुसले. "इतका विचार पोटची मुलं करत नाहीत."

"आणि विषाचं तुमच्या मनात कधी आलं?"

"दुसऱ्या दिवशी. पद्मजाच म्हणाली, चांगलं धडधाकट कुत्रं असं जात नाही, कोणीतरी काहीतरी घातलं असणार. मग ग्रुपवर सगळेच बोलायला लागले."

पद्मजाबाईंच्या घरी मैना भांडी घासत होती. पद्मजाबाई दवाखान्यात बटूजवळ बसल्या होत्या. प्रश्न ऐकून मैनाने नळ बंद केला.

"खेळणी व्हय? श्रीनिवासदादा घेऊन गेले की. बाई मंडईत गेल्या हुत्या. म्हणले, नवा माल आलाय, ही जुनी बदलून देतो. मी म्हणलं न्या."

"कधी?"

"सोमवारीच. चिकू गेला त्या दिशी."

"तेव्हा बटू आजारी होता?"

"छ्या! चपातीचा तुकडा मागत माझ्या पायात घुटमळत हुता."

आनंदीताईंनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेल्या.

५

दार श्रीनिवासने उघडलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, दाढी वाढलेली, डोळे जागरणाने तांबारलेले. मागे खोलीभर खोके रचलेले होते. त्यांच्यामधून एक तीन पायांचं गावठी कुत्रं लंगडत आलं आणि आनंदीताईंचा हात हुंगून त्यांच्या पायाशी बसलं.

"रस्त्यावर सापडली होती," तो म्हणाला. "ॲक्सिडेंट. मॅम, बटू कसा आहे?"

"शिवलाय. आज चमचाभर पेज ठेवली पोटात." त्यांनी पर्समधून छोटी डबी काढून उघडली. "हे अडकलं होतं."

श्रीनिवासने पाहिलं. मग नजर खोक्यांकडे वळवली. "मॅम, हे कुठलंही असू शकतं. मार्केटमध्ये सेम पीस दहा जण विकतात. आणि ते पॉइझन..."

"पुडी बंद होती."

तो दारातून बाजूला झाला.

"हे परवा पुडी सापडली तेव्हाच कोणीतरी बघायला हवं होतं," आनंदीताई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पण कोणी बघितलं नाही. आता मला सांग, बजरंगवर आळ यावा म्हणून एक माणूस पुडी आणून ठेवतो. ती फोडून अर्धी सांडून ठेवली असती तर पुरावा पक्का झाला असता. त्याने फोडली नाही. का? पंपघरात येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्या जनावराच्या तोंडी ते लागू नये, एवढी त्याला काळजी होती. या इमारतीत बजरंगचं वाटोळं झालं तरी चालेल, पण मांजराला काही होऊ नये, असं वाटणारा कोण आहे, याचा मी जिना चढताना विचार करत होते."

श्रीनिवासने एका उघड्या खोक्याचं झाकण लावलं.

"तरीही तो नुसता तर्क झाला असता. पण तू चिकूची खेळणी नेलीस, ते दुःख हलकं करायला, असं धरू. मग त्याच दिवशी बटूची का नेलीस? बटू त्या दिवशी उड्या मारत होता. विष हा शब्दही तोवर कोणी उच्चारला नव्हता. चिकू खेळण्याने गेला असेल, असं त्या दिवशी या इमारतीत एकाच माणसाच्या मनात येऊ शकत होतं. ज्याला ते खेळणं तुटतं हे आधीपासून माहीत होतं."

तो खिडकीशी जाऊन परत आला.

"एका कस्टमरने सांगितलं होतं," श्रीनिवास शेवटी म्हणाला. "पीस तुटतो म्हणून. मला वाटलं एखादा डिफेक्टिव्ह असेल. रिप्लेस करून दिला. दोघांना मीच फ्री सॅम्पल दिली होती, फोटोसाठी. चिकू गेला तेव्हा मला... आय जस्ट न्यू. मी म्हटलं, निदान बटूचं काढून घेऊ."

"चांगलं केलंस. पण तुकडा आधीच आत होता. गुरुवारी बटू ओकायला लागला, ते तुला कळलं?"

"ग्रुपवर वाचलं."

"आणि काय लिहिलंस?"

त्याने ओठ आवळले. उत्तर ऐकू येणार नाही इतकं हळू आलं. "गेट वेल सून."

आनंदीताईंनी डबीचं झाकण लावलं. त्यांना राग आला होता, पण दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर तो आवाजात उतरत नसे.

"एक हाड दे नवं." त्याने खोक्यातून काढून दिलं. पाकिटावर 'लहान कुत्र्यांसाठी' असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. नख आत रुतलं, आणि जोर देताच कड कुस्करून हातात आली. "दगडासारखं असेल तर दात मोडतात, हे असं असेल तर पोटात जातं. पाच किलोच्या कुत्र्याचं आतडं तुझ्या करंगळीएवढं जाड असतं, श्रीनिवास. त्यात हे बसलं की पाणीही पुढे जात नाही."

तो खाली बसला आणि रडायला लागला. कुत्री उठून त्याच्याजवळ गेली.

"रडायला वेळ मिळेल," आनंदीताई म्हणाल्या. "ही हाडं आणखी कोणाकोणाला विकलीस?"

"सगळीकडे. पुण्यातच जास्त."

"फोन काढ. एकेकाला लाव. माफी नंतर माग, आधी विचार, कुत्रं जेवतंय का."

त्याने लावायला सुरुवात केली. कोथरूडचं कुत्रं ठीक होतं. हडपसरच्या बाईंनी हाड केव्हाच फेकून दिलं होतं. कोणी शिव्या दिल्या, कोणी उचललाच नाही. मग येरवड्याचे दिगंबर नावाचे गृहस्थ लागले. श्रीनिवासने प्रश्न विचारला आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने फोन कानापासून दूर धरला.

"मॅम, त्यांची डॅशहुंड कालपासून ओकतेय. ते म्हणतात, गॅस झालाय, ओवा दिलाय."

६

दिगंबर रिक्षातून कुत्रीला मांडीवर घेऊन आले तेव्हा ती मान उचलत नव्हती. आनंदीताईंची मदतनीस शनिवारी दुपारीच घरी जाई. त्यांनी श्रीनिवासला ॲप्रन दिला.

"मी? मॅम, मला रक्त बघवत नाही."

"डोकं धर, श्वास मोज आणि तोंड फिरवू नकोस."

त्याने फिरवलं नाही. या वेळी तुकडे दोन निघाले आणि एका जागी आतडं काळं पडलं होतं. तेवढा भाग कापून दोन टोकं जोडावी लागली. मध्ये एकदा श्वास इतका मंद झाला की श्रीनिवासने मोजणं थांबवून आनंदीताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मोज." तो मोजत राहिला. अंधार पडता पडता कुत्रीने डोळे उघडले. बाहेर बाकावर दिगंबर बसले होते, त्यांना आत बोलावलं. श्रीनिवासने त्यांना ते हाड आपणच विकलं हे सांगितलं. दिगंबरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कुत्रीकडे, आणि तिच्या कानामागे खाजवत राहिले. 

दवाखान्याच्या पायरीवर बसून श्रीनिवासने सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. खेळणं, पुडी, बजरंग, सगळं. पाठवण्याआधी आनंदीताईंना दाखवायला आणलं. त्यांनी वाचायला नकार दिला, तुझं तू पाठव म्हणाल्या.

पद्मजाबाईंनी ते बटूच्या पिंजऱ्याशेजारी बसून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मी गणित शिकवलं जन्मभर," त्या म्हणाल्या. "मुली उत्तर आधी लिहायच्या आणि पायऱ्या मागून जुळवायच्या. मी शून्य द्यायची."

"चिकूचं मी खात्रीने सांगू शकत नाही," आनंदीताई म्हणाल्या. "पण लक्षणं हीच होती."

"बजरंगचं तर खात्रीने सांगता येतं ना?"

"येतं."

रविवारी सकाळी हिंदुरावांनी कमिटी बोलावली. श्रीनिवासला पोलिसांत द्यायचं का, ते बजरंगने ठरवावं, असं ते म्हणाले. बजरंगने विचार करायला वेळ मागितला. त्याला घाई नव्हती. घाई त्याच्या बायकोला होती. सरुबाईने पहाटेच सगळं बांधलं होतं आणि तिच्या भावाचा टेम्पो गेटबाहेर येऊन उभा होता. आता जायचं कारण नाही, असं बजरंगने तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. जिथे लुगडी झटकून बघितली तिथे राहायचं नाही, म्हणाली.

पद्मजाबाई खाली आल्या तेव्हा सरुबाई एकटीच एक पत्र्याची पेटी ओढत गेटाकडे नेत होती. बाल्कन्यांमधून लोक बघत होते. पद्मजाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात बोलताना असे तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. "मी न बघता, न विचारता तुझ्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवलं. तुझ्या सामानाला हात लावायला मीच सांगितलं. हे मी सगळ्यांदेखत सांगतेय."

सरुबाईने पेटी खाली ठेवली. पदराने मान पुसली. तिने पद्मजाबाईंकडे बघितलं नाही, टेम्पोकडे बघितलं, मग मागे वळून खोलीच्या उघड्या दाराकडे. भावाने टेम्पोतून हाक मारली. तिने हात वर करून त्याला थांबवलं. बजरंग गेटला टेकून उभा होता.

पद्मजाबाई तिथेच उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

सरुबाई वाकली. पेटीची एक कडी हातात घेतली आणि दुसरीकडे मानेने खूण केली.

"धरा त्या बाजूनं," ती म्हणाली. "लय जड हाय. आत न्यायचीय."